तरोट्यावर झाकलेल्या टोपल्या

तरोट्याची भाजी कोवळी असतानाच खावी. पोळा उलटला की ती जून होते आणि मग बकरीसुद्धा तिच्याकडे पाहत नाही.

*

हिवताप एक दिवस सोडून येतो आणि वेळ पाळतो. गोंडपिपरीच्या एसटीला हे कधी जमलं नाही.

*

करंदीकर साहेबांच्या टेबलाचा तिसरा खण ओढला की अर्ध्यावर अडकतो. त्यात गोल्फचे जुने चेंडू भरलेले असतात.

*

हराळी मेली म्हणून हळहळलेला माणूस झाडीपट्टीत अजून कोणी पाहिलेला नाही.

*

‘सूचना. मैदानावर विषारी औषध फवारले असल्याने आठ दिवस कोणीही आत पाय ठेवू नये. हुकमावरून.’ खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं : गाईले वाचता येत नाई.

*

आता हे सगळं एका ठिकाणी कसं आलं ते.

गोंडपिपरीच्या रस्त्याला एक प्लायवूडचा कारखाना होता. कारखान्यामागे कॉलनी, कॉलनीमागे ऑफिसर लोकांचा क्लब आणि क्लबमागे गोल्फचं मैदान. पाच भोकांचं. अठरा करायची होती, पण सहाव्या भोकापासून जंगल खात्याची हद्द लागत होती. प्रत्येक भोकाभोवती बारीक कापलेल्या हराळीचा एक मोठा गोल होता. साहेब लोक त्याला ग्रीन म्हणत. माळी रामाजी त्याला गोल म्हणायचा.

रामाजी अकरा वर्षांपासून रोजंदारीवर होता. अकरा वर्षं त्याने ते पाच गोल रोज सकाळी गालासारखे तासले होते, आणि अकरा वर्षं त्याला कोणी ना कोणी सांगत होतं की तुझी कायमची ऑर्डर निघतेच आहे.

मैदानावर तणही यायचं. तरोटा, कुरडू, पातूर. पण ते दिसायचं नाही, कारण रामाजीची बायको गुणाबाई आणि तिच्या चार मैत्रिणी ते पहाटे खुडून नेत. खुडून नेत म्हणजे घरी शिजवत. मैदान साफ, ताट भरलेलं. ही व्यवस्था कोणी ठरवली नव्हती, म्हणून ती नीट चालली होती.

त्या वर्षी जूनमध्ये करंदीकर साहेबांचा एक चेंडू उडून त्या मैत्रिणींपैकी सुगंधाबाईच्या टोपलीत पडला. सुगंधाबाईने पाहिलं नाही. चेंडू भाजीसोबत घरी गेला. साहेबांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फटका होता, आणि तो कुठे पडला हे कायम गूढ राहिलं असतं, पण संध्याकाळी सुगंधाबाईच्या दारात पोरं त्याच चेंडूची विटी करून विटीदांडू खेळताना सापडली. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली : बायकांना आत येण्यास मनाई.

ऑगस्ट उजाडेपर्यंत तरोटा मांडीएवढा झाला.

करंदीकर साहेब पुण्याचे. कॉलनीची घरं, नळ, दिवे आणि क्लब हे सगळं त्यांच्याकडे. तीन ऑगस्टला त्यांनी रामाजीला घेऊन मैदानाची फेरी मारली आणि गोल्फच्या काठीने एकेक रोप टोचत चौकशी केली.

“हे काय आहे?”

“तरोटा हाय साहेब.”

“आणि हे?”

“कुरडू.”

“हे?”

“हे पातूर. याच्यात जवसाची चटणी टाकली का—”

“रामाजी, मी गोल्फ कोर्सवर उभा आहे की भाजीबाजारात?”

रामाजीने टोपी काढून पुन्हा घातली. दोन्ही उत्तरं चूक झाली असती.

“पंधरा ऑगस्टला मोठे साहेब कलकत्त्याहून येतायत,” करंदीकर म्हणाले. “कप त्यांच्या हस्ते. म्हणजे ते खेळणार, मग मी खेळणार, मग जो जिंकेल त्याला कप त्यांच्याच हस्ते. स्टोअरमध्ये तणाचं औषध आलंय. सहा तारखेला फवारायचं. मैदान स्वच्छ दिसलं तर तुझ्या कायमच्या ऑर्डरचं मी स्वतः त्यांच्याशी बोलतो.”

“आन नाई दिसलं त?”

“तर दुसरा माळी बघतो.”

पाच तारखेला दुपारी तीन वाजता रामाजीला हुडहुडी भरली.

*

अंगावर दोन घोंगड्या, त्यावर गोणपाट, त्यावर गुणाबाई बसलेली. तरी खाट हलत होती.

“उद्या जा लागते,” रामाजी दात वाजवत म्हणाला. “खाडा झाला त गेलं सगळं.”

“उभं राह्यता येते का तुमाले? पंप पाठीवर घेसान आन पंपासकट पडसान.”

दारात लटारू बसला होता. लटारू गुणाबाईचा धाकटा भाऊ. गावाकडचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपून दोन दिवस बहिणीकडे आराम करायला आला होता. उंचीने रामाजीएवढाच, अंगाने तसाच वाळका. त्याच्याकडे आधी गुणाबाईने पाहिलं, मग रामाजीने. लटारूने आराम संपल्याचं ओळखलं.

“मी जातो ना भाऊजी. फवाराच मारा लागते न? धानावर मारतो तसाच.”

“वळखतीन ना बे तुले.”

“माळ्याच्या तोंडाकडे कोन पायते?” गुणाबाई म्हणाली. “खाकी घालून देते, टोपी घालून देते. झाला रामाजी.”

यावर रामाजीने विचार केला. अकरा वर्षांत करंदीकर साहेबांनी, त्यांच्या आधीच्या साहेबांनी आणि त्यांच्याही आधीच्या साहेबांनी त्याच्याशी बोलताना नेहमी गवताकडे पाहिलं होतं.

“बरं. पन आयक. बोलू नोको. तुहा आवाज म्हशीवानी हाय. कोनी काई पुसलं का फक्त मुंडी हालवजो.”

लटारूने मुंडी हलवून दाखवली. चांगली हलली.

“तन मारा लागते. समदं तन. आन...” इथे दुसरी हुडहुडी आली. “गोल... गोलाची बराबर... काळजी... घेजो...”

पुढचं वाक्य दातांत अडकलं.

*

स्टोअरच्या जाळीच्या खिडकीआड गुलाब मेश्राम बसायचा. चंद्रपूरहून बी. ए. करून आलेला, कारखान्यात सगळ्यांत जास्त वाचणारा माणूस. तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता. त्याने वर पाहिलं नाही, खाकी बाही तेवढी पाहिली.

“या रामाजीभाऊ. ताप होता म्हने?”

लटारूने मुंडी हलवली.

“तनाचे दोन डबे आले हायेत. एक मैदानाचा, एक गोदामाच्या आवाराचा. वाचून दाखवतो, मंग सही करा. हा निळ्या झाकनाचा. रुंद पानाचं तन मारते. तरोटा, कुरडू, माठ, समदं. गवताले धक्का लागत नाई. हराळी जशीच्या तशी.”

लटारूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“आन हा लाल झाकनाचा. हा गवताले मारते. हराळी त मुळासकट. तीन-चार दिवस काईच दिसत नाई, मंग एकदम पिवळी पडते, मंग खलास. परत उगवतच नाई.”

लटारूने आयुष्याची एकोणतीस वर्षं हराळीशी भांडण्यात घालवली होती. त्याच्या बापाने चाळीस. आजाने तर मरताना सांगितलं होतं की वावराच्या धुऱ्यावरची हराळी काढून टाका. आणि इथे एक माणूस शांतपणे सांगत होता की ती परत उगवतच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलायची मनाई होती म्हणून त्याने जाळीतून बोट घालून लाल झाकण दाखवलं.

“आधी आवार करता का? बरं.”

लटारूने मुंडी हलवली. ‘आवार’ म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण मुंडी हलवायचंच काम होतं.

पंपात पाणी भरायला गुणाबाई आली होती. पाटी बायकांना मनाई सांगत होती, पण पाणी वाहणाऱ्या बायकांबद्दल त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. सोबत तिने घरातल्या आणि शेजारच्या मिळून अकरा टोपल्या आणल्या होत्या.

मैदान पाहून लटारू थक्क झाला. “बाई व! इतका तरोटा! आन इतका कवळा!”

“म्हून त टोपल्या आनल्या. यहिच्यावर दवा नोको पडू देऊ. झाकून घेऊ. उद्या-परवा खुडता येईन.”

मग लटारूला गोल दिसले. पाच. दाट, गच्च, जमिनीला बिलगलेली हराळी. अशी पोसलेली हराळी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“हे काय व?”

“गोल. हेच त तुये भाऊजी रोज कापते. अकरा वर्षं झाली. रोज कापते आन रोज वाढते.”

“मंग वाढनच ना! वरून कापून हराळी मरते का? मुळापासून मारा लागते.” लटारूने पंप पाठीवर चढवला. “बिचारा मानूस. अकरा वर्षं कोनी सांगतलं नाई त्याले.”

गोलाची बरोबर काळजी घेजो, असं भाऊजी म्हणाले होते. लटारूने घेतली. पाचही गोल त्याने आडवे मारले, उभे मारले आणि कडेने एक फेरी वर मारली.

साडेनऊला करंदीकर साहेब क्लबच्या व्हरांड्यात चहा घेऊन आले. दीडशे पावलांवर खाकी कपड्यातला रामाजी पाठीवर पंप घेऊन ग्रीनवर सरळ रेषेत चालत होता. एरवी रामाजी थोडा झुकून चालायचा. आज छाती काढून चालत होता. औषधाने माणसातही फरक पडतो, असं साहेबांना वाटलं.

“रामाजी! ग्रीनवर नीट मारतोयस ना?”

दुरून मुंडी हलली.

“आणि त्या टोपल्या कशाला पालथ्या घातल्यायत?”

मुंडी पुन्हा हलली. हे उत्तर पुरेसं नव्हतं. गुणाबाई बादली ठेवून पुढे झाली.

“खुना हायेत साहेब. कुठवर मारलं ते समजाले.”

करंदीकर साहेब आत जाऊन बायकोला म्हणाले, “ही माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा शास्त्रशुद्ध असतात.”

*

पुढचे आठ दिवस. सहा तारखेला संध्याकाळी ती सूचना लागली. सातला रामाजीला ताप, आठला नाही, नऊला ताप. खाड्याच्या भीतीने रोज लटारूच जात होता आणि फाटकाजवळ बसून कोणी आत जाऊ नये म्हणून मुंडी हलवत होता. दहा तारखेला करंदीकर साहेबांना व्हरांड्यातून ग्रीन किंचित पिवळे दिसले. “तण पिवळं पडायला लागलं,” ते म्हणाले आणि समाधानाने जीप काढून नागपूरला गेले. मोठ्या साहेबांची सोय, फुलांचे हार आणि कपावर नाव कोरून घेणं अशी कामं होती. परत येणार ते थेट पंधराला, मोठ्या साहेबांना घेऊनच.

बाराला गोळ्यांनी ताप उतरला. रामाजी काठी टेकत मैदानावर आला.

हिरव्यागार तरोट्याच्या मधोमध पाच तपकिरी गोल होते. भाजलेल्या पापडासारखे. कुठे काडीला रंग म्हणून नाही.

लटारू त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभा होता, पोराने पहिला नंबर आणल्यावर बापाकडे पाहावं तसा.

“सांगा भाऊजी. एक तरी मूळ जितं सापडते का पाहा.”

रामाजी पहिल्या गोलाच्या कडेला बसला. त्याने एक चिमूट उपटली. ती सहज हातात आली.

“लटाऱ्या,” तो हळूच म्हणाला, “हे पीक होतं बे.”

“कोनतं?”

“हे. हराळी.”

लटारूने गुणाबाईकडे पाहिलं. ताप डोक्यात चढला की काय, असं त्याने नजरेनेच विचारलं.

“तन कोनतं मंग?”

“तरोटा.”

“तरोटा तन? आन हराळी पीक?” लटारू खाली बसला. “भाऊजी, हे कोन्या देशातले लोक हायेत?”

“माही ऑर्डर गेली,” रामाजी म्हणाला. तो रागावला नव्हता. अकरा वर्षं रोज सकाळी कोणता गोल आधी कापायचा हे ठरलेलं होतं. आता काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि म्हणून तो मेलेल्या हराळीवरून नुसता हात फिरवत बसला.

ते पाहून लटारूचं अवसान गेलं.

“हिरवंच पायजे न त्याहिले?” शेवटी लटारू म्हणाला. “दोन दिवसांत हिरवं? धानाच्या पऱ्ह्याहून हिरवं काय हाय दुनियेत? माह्या वावरात पऱ्हे उरले हायेत. लुचई धानाचे. बायका आन फक्त.”

रामाजी म्हणाला, हे शक्य नाही. गुणाबाई तोवर सुगंधाबाईला हाक मारायला गेली होती.

*

तेराला सकाळच्या एसटीच्या टपावरून पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या आल्या. कंडक्टर लटारूच्या गावचा होता. फाटकावरची पाटी गुणाबाईने काढून बसायला घेतली. नऊ बायका आल्या. त्यांनी मेलेली हराळी कुदळीने खणून काढली, पाणी सोडलं, पायाने चिखल केला, कडेने बोटभर उंचीचा बांध घातला आणि कमरेत वाकून मागे मागे सरकत रोवायला सुरुवात केली. गोलात रोवणा कोणी केला नव्हता; धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, चौकोनी असतात. पहिल्या गोलात बायका मधोमध अडकल्या आणि रोवलेलं तुडवत बाहेर आल्या. दुसऱ्यापासून जमलं.

गाणीही झाली. विहिणीला ज्या शिव्या असतात त्या या वेळी करंदीकरांना गेल्या.

चौदाला दुपारपर्यंत पाचही गोल हिरवे झाले. विळ्यांनी पऱ्हे दोन बोटं ठेवून सारखे कापले. भोकातले झेंडे पुन्हा उभे केले. आणि तरोटा? दोन महिन्यांची मनाई, मांडीएवढं पीक आणि नऊ बायका. संध्याकाळी मैदानावर औषधालाही पान उरलं नाही.

गुलाब मेश्राम स्टोअर बंद करून पाहायला आला. त्याने कुंपणाशी उभं राहून आधी गोल पाहिले, मग शेजारी शेजारी उभे असलेले दोन रामाजी.

“म्हंजे त्या दिवशी...”

लटारूने मुंडी हलवली.

*

मोठे साहेब जाडजूड, हसरे आणि वाईट खेळाडू होते. त्यांचा घोळ एकच होता : हात जड. ग्रीनवर चेंडू हळूच ढकलायचा असतो. त्यांना हळूच काही करता येत नसे. कलकत्त्यात त्यांचा चेंडू भोकावरून जाऊन पलीकडच्या तळ्यात पडायचा. तीस वर्षांत त्यांनी एकही कप जिंकला नव्हता.

झेंडावंदन झालं. व्हरांड्यातून मैदान दिसलं आणि करंदीकर साहेबांचा ऊर भरून आला. तणाचा मागमूस नाही. ग्रीन तर असे की डोळे निवावेत. “रामाजी!” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माळ्याच्या तोंडाकडे पाहिलं. “तू बारीक झालास का रे?”

मोठ्या साहेबांनी पहिला फटका मारला. चेंडू आभाळात गेला आणि पहिल्या ग्रीनवर उतरला.

पच्.

उसळला नाही, घरंगळला नाही. झेंड्यापासून हातभर अंतरावर अर्धा रुतून बसला.

“अरे वाह!” मोठे साहेब म्हणाले. “रुक गया!”

रामाजी कुंपणाला धरून उभा होता. कुंपणाची तार हलत होती. हा ताप नव्हता.

करंदीकरांचा चेंडूही पच् करून बसला. पुढे त्यांनी पुण्यात शिकल्याप्रमाणे मनगट सैल ठेवून हळूच ढकलला. तो पऱ्ह्यांत दोन बोटं सरकला. पुन्हा ढकलला, पुन्हा दोन बोटं. मोठ्या साहेबांनी मात्र नेहमीचा, खांद्यातून, तळ्यात जाणारा फटका मारला. चेंडू चिखल उडवत गेला, भोकाच्या तोंडाशी दमला आणि आत पडला.

पाचही भोकांवर हेच झालं. कप मोठ्या साहेबांनी मोठ्या साहेबांच्या हस्ते घेतला, आणि या हाताने त्या हाताला देताना त्यांना खरोखर गहिवरून आलं.

मग ते खाली वाकले आणि त्यांनी एक रोप उपटून डोळ्यांजवळ धरलं. “करंदीकर, ये कौन सी घास है?”

करंदीकर साहेबांनी रामाजीकडे पाहिलं. रामाजीने, दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून, मुंडी हलवली.

“लोकल व्हरायटी आहे सर,” करंदीकर म्हणाले.

“नाम?”

“लुचई,” मागून म्हशीसारखा आवाज आला. लटारूला हे सहन झालं नव्हतं. मालाचं नाव सांगायलाच हवं.

“लुचई,” मोठ्या साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. “किसका काम है ये?”

रामाजीने कुंपण सोडलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. अकरा वर्षं या एका पावलासाठी होती.

“माझंच सर,” करंदीकर साहेब म्हणाले. “कल्पना, देखरेख, औषधाचं प्रमाण. सगळं स्वतः उभं राहून.”

रामाजीचं पाऊल होतं तिथेच राहिलं. ऑर्डरचा विषय निघाला नाही. चहा झाला, चिवडा झाला, राष्ट्रगीत दुसऱ्यांदा झालं, गाड्या गेल्या.

“मी सांगतो त्याले जाऊन,” लटारू म्हणाला.

“काय सांगशीन? का ते धान हाय म्हून?” गुणाबाई म्हणाली. “गप बस.”

*

आठवड्याने तार आली. मोठ्या साहेबांनी करंदीकरांची बदली कलकत्त्याला केली होती, ताबडतोब. तिथल्या क्लबचे अठराही ग्रीन त्यांनी लुचईचे करून द्यायचे होते. करंदीकर साहेबांनी रामाजीला बोलावलं, दार लावून घेतलं आणि ते गवत कसं पेरतात ते विचारलं.

“पेरत नाई साहेब, रोवते,” रामाजी म्हणाला. “आधी चिखल करा लागते. मंग नऊ बाया लागते. आन गाने.”

करंदीकरांनी सगळं लिहून घेतलं. गाणीसुद्धा.

ते गेल्यावर गुलाब मेश्राम टेबल रिकामं करायला गेला. तिसरा खण नेहमीसारखा अर्ध्यावर अडकला. त्याने आत हात घालून चेंडू काढले, तरी अडकला. शेवटी पाय लावून ओढला तेव्हा मागे दुमडून बसलेला एक कागद फाटता फाटता बाहेर आला. गुलाबने तो सरळ केला, वाचला आणि तसाच मैदानाकडे पळत सुटला. बी. ए. झाल्यानंतर तो पहिल्यांदाच पळत होता.

“रामाजीभाऊ! तुमची ऑर्डर! कायम! मोठ्या साहेबाची सही हाय!”

रामाजी पहिल्या गोलाच्या बांधावर बसून पाणी लावत होता. त्याने कागद उलटासुलटा पाहिला, गुणाबाईला दिला. तिने लटारूला दिला. लटारूने मुंडी हलवली.

“म्हंजे साहेब बोलला होता तर,” रामाजी म्हणाला. “मी उगाच मनात त्याले शिव्या देल्या.”

गुलाबने लटारूच्या हातातून कागद घेतला आणि घडी घालून रामाजीच्या खिशात सारला. रामाजी इतका खूश होता की कागदाच्या खालचा कोपरा त्याला वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता.

नवा साहेब दिवाळीपर्यंत आला नाही. तोवर लुचई निसवली, पिकली आणि कापली गेली. रामाजीने पाचही गोल नीट सपाट केले आणि पुन्हा हराळी लावली. कायम नोकरीवरच्या माणसाला आता घाई नव्हती.

ऑर्डरवर सहीखाली तारीख होती त्याच वर्षीची, तीन एप्रिल.